न जिंकलेलं आठवं

४ फेब्रुवारी

काका,

पत्र पाहून दचकू नका, कुणी गेलेलं नाही. मी ठमी, तुमच्या दादांची मुलगी. तुम्ही घर सोडलंत तेव्हा सात वर्षांची होते, आता एकोणचाळिसावं चालू आहे. मागच्या आठवड्यात दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा माझा आवाज ऐकून तुम्ही ‘राँग नंबर’ म्हणालात. आवाज हुबेहूब बाबांचा, त्यामुळे नंबर बरोबर होता हे मला कळलं. पत्राला राँग नंबर म्हणता येत नाही, म्हणून लिहितेय. पत्ता आईच्या वहीत सापडला. सहा वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा तुमचं दोन ओळींचं कार्ड आलं होतं, ते मी त्या वहीत खोचलं होतं. त्यावरचा.

बाबांची आठवण गेली आहे. डॉक्टर त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात. मला कधी आई समजतात, कधी त्यांच्या कवळ्या करायच्या लॅबमधली मदतनीस. अंघोळीचा साबण घेऊन बसतात आणि चाकूने त्याचे दात कोरतात. दाढा इतक्या सुबक, की टाकवत नाहीत. छत्री उलटी धरून पॅसेजमध्ये गोल्फचं पटिंग करतात, बॉल हलकेच होलमध्ये ढकलल्यासारखं. दार उघडं दिसलं की दोन जिने उतरून चालत थेट गोल्फ कोर्सवर. तिथला वॉचमन आता त्यांना रिक्षात घालून परत पाठवतो.

पत्राचं कारण असं. क्लबने बाबांच्या सन्मानाचा कार्यक्रम ठरवलाय, एप्रिलच्या पहिल्या रविवारी. पंधराव्या होलपाशी एक दगड बसवणार आणि त्यावर त्या दिवसाची हकीकत कोरणार. तुम्हाला सांगायला नकोच, तरी सांगते, कारण मी ती लहानपणापासून शाळेत, बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे ऐकत आलेय. सात वेळा हौशी खेळाडूंचं अजिंक्यपद जिंकलेला माणूस आठव्याच्या शेवटच्या दिवशी पुढे होता. बॉल झाडीत गेला. तिथे पाहणारं कुणी नव्हतं. आणि यांनी आपण होऊन पंचांना हाक मारली, ‘माझा पाय लागला, बॉल हलला.’ एक फटका दंड घेतला. एका फटक्याने हरले. जिंकलेली सात कुणाच्या लक्षात नाहीत, काका. न जिंकलेलं आठवं मात्र सगळ्यांना तोंडपाठ आहे.

बाबांची काठ्यांची बॅग त्या दिवशी तुमच्या खांद्यावर होती. क्लबच्या अध्यक्षांचं म्हणणं आहे की स्मरणिकेसाठी तुम्ही दोन पानं लिहून द्यावीत आणि कार्यक्रमाला यावं.

हे झालं त्यांचं. माझं वेगळंच आहे. आठ दिवस या. सन्मान, दगड काही नको मला. मला झोप हवी आहे.

ठमी


१५ फेब्रुवारी

चि. ठमी,

तुझं पत्र माझ्या चष्म्यांच्या दुकानाच्या पत्त्यावर आलं. तीन दिवस ते काचा घासायच्या पावडरीच्या डब्यावर तसंच ठेवलं होतं. अक्षर वहिनींसारखं आहे, म्हणून धीर होत नव्हता. फोनचं खरं आहे. माझी चूक झाली. त्याबद्दल राग धरू नकोस.

दादाचं वाचून वाईट वाटलं. त्याच्या हातांना काम दे. नुसता बसला की तो पूर्वीसुद्धा कावराबावरा व्हायचा. दाराला कडी वरच्या अंगाला लाव, अशा माणसांची नजर वर जात नाही म्हणतात. अंघोळीला पाणी आधी पायांवर घाल, मग खांद्यावर.

तू त्याला नेहमी मोठा खेळाडू म्हणूनच पाहिलं असशील. तो त्या क्लबात पहिल्यांदा कसा गेला, ठाऊक आहे? एका सभासदाची कवळी जोराचा फटका मारताना तोंडातून उडाली आणि वाळूच्या खड्ड्यात पडली. दोन दात तुटले. दादा लॅबमधून ती दुरुस्त करून द्यायला गेला आणि ‘जरा बघू दे’ म्हणून त्यांचीच काठी हातात घेतली. पहिलाच बॉल असा गेला, की कवळी तोंडात बसवायचं राहून ते गृहस्थ बोळक्याने ‘आणखी एक मार’ म्हणत राहिले. पुढे त्याला क्लबात ‘कवळीवाले’ म्हणायचे. आधी चेष्टेने, मग मानाने. पहाटे मैदान, नऊ ते सहा दात. तीन वेळा त्याला व्यावसायिक हो म्हणून बोलावणं आलं. तो म्हणायचा, ‘दात माझं काम आहे आणि खेळ माझी हौस. हौसेलाच कामाला लावलं, तर हौस कुठून आणू?’

स्मरणिकेचं मात्र मला जमणार नाही. मी बॅग उचलायचो. बॅग उचलणाऱ्याला आपला खांदा तेवढा आठवतो. येण्याचं म्हणशील तर दुकानात मी एकटाच आहे, शाळांच्या चष्म्यांचं काम अंगावर आहे आणि पाठीने दगा दिलाय. पुढे बघू.

स्वतःच्या तब्येतीला जप.

काका


२३ फेब्रुवारी

काका,

कवळीची गोष्ट वाचून कितीतरी दिवसांनी हसले. मग पाठीबद्दल वाचलं आणि हसू गेलं. पाठ मलाही आहे. बाबांचं वजन बहात्तर किलो आहे.

तुम्ही नीट वाचलं नाहीत, की मी नीट लिहिलं नाही? आता स्पष्ट लिहिते.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते. गेल्या सोमवारी मी दोन माणसांच्या रक्ताच्या नळ्यांवर एकमेकांची लेबलं लावली. एकाचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. चौदा वर्षांत माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं. साहेब ओरडले नाहीत, नुसते म्हणाले, ‘तुम्ही शेवटच्या कधी झोपलात?’ मलाच माहीत नव्हतं.

आणखी एक. परवा सकाळी बाबांना कपडे घालत होते. त्यांनी छत्रीचा दांडा माझ्या मनगटावर मारला. त्यांना वाटलं, मी त्यांची बॅग चोरतेय. मी त्यांना मारलं, काका. थोबाडीत मारली. त्यांनी गालाला हात लावला आणि अगदी हळू विचारलं, ‘बाई, माझं काही चुकलं का?’

बाई म्हणाले मला.

आता कार्यक्रमाबद्दल. गावाबाहेर अशा माणसांसाठी एक आश्रम आहे. स्वच्छ आहे, मोकळं अंगण आहे, माणसं बरी आहेत. दोन वर्षांची वेटिंग लिस्ट. क्लबचे अध्यक्ष तिथले विश्वस्त आहेत. कार्यक्रमानंतर आठ दिवसांत बाबांना खाट देतो, असा शब्द त्यांनी दिलाय. ‘असा माणूस आमच्याकडे असणं हा आमचाच मान,’ म्हणाले. तेव्हा मला तो दगड हवाय. दोन पानं हवीत. तुमची पाठ दुखत असेल, तर आडवे पडून लिहा.

तुमचं आणि बाबांचं काय बिनसलं, ते आईने मला सांगितलंय. तुम्हाला वाटत होतं त्यांनी व्यावसायिक व्हावं, ते झाले नाहीत, म्हणून तुम्ही रागावून गेलात. एकतीस वर्षं झाली. ज्यांच्यावर रागावलात, त्यांना स्वतःचं आडनाव सांगता येत नाही आता. सोडून द्या ना.

ठमी


८ मार्च

चि. ठमी,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. हे पाचवं आहे.

वहिनींनी तुला सांगितलं ते त्यांना मीच सांगितलं होतं. ते खोटं आहे. दादाने व्यावसायिक व्हावं की न व्हावं, याच्याशी माझं काही देणंघेणं नव्हतं. त्याची बॅग उचलायला मिळते, यातच मी खूश होतो. आमच्यात पंधरा वर्षांचं अंतर. आमचे वडील मी चार वर्षांचा असताना गेले. त्याने मला सायकल शिकवली, दाढी करायला शिकवलं. मैदानावर तो मला विचारायचा, ‘धाकट्या, किती पावलं?’ मी आकडा सांगायचो आणि तो दुसरं काही न पाहता तेवढाच मारायचा. इतका विश्वास माझ्यावर आधीही कुणी ठेवला नव्हता, नंतरही नाही.

पंधराव्याला बॉल झाडीत गेला. दादा पंचांशी बोलत मागून येत होता. मी पुढे पळत गेलो. बॉल सापडला, पण एका मुळाच्या मागे रुतून बसला होता. तिथून सरळ मारणं शक्यच नव्हतं. चार बोटं डावीकडे असता, तर समोर मोकळी वाट होती. मी इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. बुटाच्या टोकाने मी तो चार बोटं सरकवला.

पाय लागला नाही, ठमे. पाय मी लावला. माझा.

मान वर केली तेव्हा दादा दहा पावलांवर उभा होता. त्याने बॉलकडे पाहिलं, मुळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता हा मला मारणार. त्याने हात वर करून पंचांना बोलावलं आणि म्हणाला, ‘माझा पाय लागला. बॉल इथे होता.’ आणि स्वतःच्या हाताने तो परत मुळामागे ठेवला. बॅगवाल्याने मुद्दाम बॉल हलवला हे कळलं असतं, तर माझं तोंड काळं झालं असतं. मला कुठल्याच मैदानावर कुणी उभं केलं नसतं, आणि मी तेव्हा तिथेच नोकरीला लागणार होतो. ते त्याने एका क्षणात ओळखलं आणि स्वतःवर घेतलं.

परत येताना तो एवढंच म्हणाला, ‘बॅग नीट धर.’ त्यानंतर एक अक्षर नाही. त्या दिवशी नाही, पुढच्या दिवशी नाही. वर्तमानपत्रांत त्याचे फोटो, लोक हार घेऊन दारात, आणि तो खाली मान घालून उभा. लोकांना तो विनय वाटायचा. त्याने एक मुस्काटात दिली असती, तर मी आज तुमच्या शेजारी राहत असतो. दोन महिने मी त्याच्यासमोर जेवलो. मग नाही जेववलं.

दगडावर ती हकीकत कोरणार म्हणतेस. दगड पुसता येत नाही. मी क्लबच्या अध्यक्षांना सगळं खरं लिहिलंय. हे पत्र आणि ते पत्र आज एकदमच टाकतोय. आता माझ्यात गप्प बसायची ताकद राहिली नाही.

काका


१४ मार्च

काका,

ते पत्र टाकलं नाहीस, असं मला सांग. पेटीजवळ जाऊन परत आलास, तिकीट लावायला विसरलास, काहीही सांग. मी लहानपणी तुला ‘तू’ म्हणायचे. आज ‘तुम्ही’ म्हणायचा धीर मला होत नाहीये.

एकतीस वर्षं गप्प बसलास आणि कंठ आत्ता फुटला? आणखी तीन आठवडे थांबला असतास तर काय बिघडलं असतं? तुझं ओझं उतरलं, छान झालं. ते कुणाच्या डोक्यावर उतरलंय, बघ जरा.

तुला ठाऊक नसलेलं एक सांगते. आईने आयुष्यात बाबांकडे एकच गोष्ट मागितली होती. आठवं झालं की बॅग माळ्यावर टाकायची आणि रविवार घरी. बाबांनी शब्द दिला होता. ती त्या दिवशी घरी बसून रेडिओ ऐकत होती. आठवं झालंच नाही, म्हणून बॅग माळ्यावर गेलीच नाही. त्यानंतर नऊ वर्षं ते खेळत राहिले, काका. नऊ. दर वर्षी थोडं आणखी वाईट. दर रविवारी आई दोन ताटं वाढायची, तिचं आणि माझं. लोक तिला म्हणायचे, भाग्यवान आहात, असा नवरा मिळाला. ती हसायची आणि दार लावून घ्यायची.

आणि मी? तिसरीत शेजारच्या मुलीचं गणित बघून लिहिलं, तर मुख्याध्यापक बाईंनी वर्गासमोर उभं करून पंधराव्या होलची गोष्ट सांगितली. मला! माझ्याच बापाची! तेव्हापासून इतकी खरी बोलत आले, की ज्याच्याशी लग्न ठरलं होतं, त्याने ‘तुला मी आवडतो ना?’ असं विचारलं तेव्हा दोन मिनिटं विचार करून ‘बऱ्यापैकी’ म्हणाले. हसू नकोस. मी हसत नाहीये.

एवढं सगळं ज्याच्यावर उभं होतं, ते बाबांनी पंचांना सांगितलेलं खोटं होतं? ते तुझ्यासाठी बोलले, कळलं मला. कळतं. पण आईसाठी कधी काही बोलले? माझ्यासाठी?

मला ती खाट हवी आहे. मला दुसरं काही नको. पत्र टाकलं नाहीस, असं कळव.

ठमी


१९ मार्च

ठमे,

टाकलं. त्याच दिवशी, त्याच पेटीत. दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन परत मागितलं. गेलं होतं.

वहिनींना दिलेल्या शब्दाचं मला माहीत नव्हतं. आज दुकान उघडलं नाही.

काका


३ एप्रिल

काका,

झालं ते क्रमाने सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की मी काही वाढवून लिहिलंय.

मागच्या शनिवारी क्लबचे अध्यक्ष घरी आले. सज्जन माणूस आहे. चहाला नको म्हणाले आणि खुर्चीच्या कडेवर बसले. तुझं पत्र खिशात होतं. ‘तुमच्या वडिलांबद्दल आदर तसूभर कमी झालेला नाही,’ म्हणाले. ‘पण दगडावर काय कोरायचं? पंचांना खोटं सांगितलं, हे कोरायचं?’ मी म्हटलं, ‘भावासाठी सांगितलं, असं कोरा.’ ते म्हणाले, ‘नियमात भाऊ नाही हो.’ समितीत दोन तट पडलेत. काहींचं म्हणणं, आधीची सातही तपासून बघा. कार्यक्रम पुढे ढकललाय, म्हणजे रद्द. मी खाटेचं विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. विश्वस्तांच्या बैठकीत ठरलंय की यादी क्रमानेच जाईल. आपला नंबर त्रेचाळीस.

हे सगळं चालू असताना बाबा शेजारी बसून साबण कोरत होते. जाताना अध्यक्षांनी त्यांना वाकून नमस्कार केला. बाबा म्हणाले, ‘वरची कवळी बुधवारी तयार होईल.’

सोमवारी मी रजा घेतली. दुपारी बाबांना स्वच्छ शर्ट घातला, केस विंचरले, खिशात माझ्या हॉस्पिटलचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवली. मग ती काढून घेतली. रिक्षाने स्टेशनवर गेलो. चार नंबरच्या फलाटावर, जिथे लांबच्या गाड्या येतात, तिथल्या बाकावर त्यांना बसवलं. हातात बिस्किटांचा पुडा दिला आणि म्हटलं, ‘बसा, मी आले.’

आणि मी निघाले, काका.

जिना चढले. पूल ओलांडला. तिकीट तपासनिसाने तिकीट मागितलं, तेही दिलं. बाहेर आले. रस्ता ओलांडून चष्म्यांच्या एका दुकानासमोर उभी राहिले. आतली मुलगी म्हणाली, ‘या ना, डोळे तपासून मिळतील.’ मी आत जाऊन बसले. खरंच बसले. तिने समोर अक्षरांचा तक्ता लावला, आणि मला एकही अक्षर वाचता येईना, वरचं सगळ्यात मोठंसुद्धा. तिला वाटलं, माझे डोळे गेलेत. मी रडतेय हे मला तिच्या तोंडाकडे पाहून कळलं.

पळत परत गेले. बाबा तिथेच होते. शेजारच्या बाईला बिस्किटं वाटत होते. मला पाहून म्हणाले, ‘तुमची गाडी चुकली वाटतं.’

पंचवीस मिनिटं. मी माझ्या बापाला पंचवीस मिनिटं टाकून दिलं होतं. परत टाकणार नाही, असं मी लिहू शकत नाही, कारण मला खोटं बोलता येत नाही. घरी ते आहेत, मी आहे, दाराला वरची कडी आहे. मला माझी भीती वाटते.

ठमी


७ एप्रिल

ठमे,

गुरुवारी सकाळच्या गाडीने येतोय. दादाला माझ्याकडे घेऊन जाणार. विचारत नाही, कळवतोय. त्याचे कपडे, औषधं आणि साबणाच्या दहा-बारा वड्या बांधून ठेव. तोवर त्याला घेऊन कुठेही बाहेर पडू नकोस. शेजाऱ्यांपैकी कुणाला तरी घरात बसवून ठेव, काहीही कारण सांग. लाज वाटून घेऊ नकोस. लाजेपायी काय होतं, ते माझ्याकडे बघ.

काका


२ मे

काका,

तीन आठवडे झाले, म्हणून लिहिते. पहिले दोन दिवस मी नुसती झोपले. जाग आल्यावर घरात इतकी शांतता होती, की उठून पॅसेजमध्ये जाऊन पाहिलं. लॅबमध्ये लेबलं चुकत नाहीत आता. साहेबांनी कठीण नमुने पुन्हा माझ्याकडे द्यायला सुरुवात केलीय.

तू दारात उभा राहिलास तेव्हा मी जरा आशेने बाबांकडे पाहत होते. वाटलं, निदान तुला तरी ओळखतील. त्यांनी तुला विचारलं, ‘गीझर दुरुस्त करायला आलात का?’ आणि तू ‘हो’ म्हणालास आणि खरंच जाऊन गीझर पाहिलास. तेव्हाच मी तुला माफ केलं असतं. केलं नाही. अजून पुरतं केलेलं नाही. हळूहळू होईल, की होणार नाही, ते सांगता येत नाही.

क्लबातल्या फळीवर अजिंक्यवीरांची नावं आहेत. बाबांच्या सात ओळी तिथेच आहेत. पंधराव्या होलपाशी दगडासाठी खणलेला खड्डा बुजवून त्यावर गवत लावलंय. मी मुद्दाम जाऊन पाहिलं. काही कळत नाही आता तिथे.

ते जेवतात का? त्रास देतात का? तू मारत नाहीस ना? मी विचारायला नको, पण विचारते.

ठमी


२६ मे

चि. ठमी,

मारत नाही. एकदा ओरडलो. मग बाहेर जाऊन उभा राहिलो.

जेवतो बरा. त्याला मी दुकानात घेऊन येतो. काउंटरमागे खुर्ची टाकलीय, तिथे बसतो आणि चष्म्यांच्या जुन्या काचा फडक्याने पुसतो. गिऱ्हाईक आलं, तर त्याच्या तोंडात डोकावतो. एकाला म्हणाला, ‘खालची दाढ काढून टाका.’ तो माणूस खरंच दाताच्या डॉक्टरकडे गेला आणि दाढ किडलेली निघाली. मला तो ‘मिस्त्री’ म्हणतो. मी त्याला रोज सांगतो, दादा, मी धाकटा. तो सभ्यपणे हसतो आणि म्हणतो, ‘धाकटा सव्वीस वर्षांचा आहे, मिस्त्री. तुमच्या डोक्यावर तर केस नाहीत.’

सगळं सोपं आहे असं समजू नकोस. अंथरूण रोज बदलावं लागतं. दोनदा त्याने मला चावा घेतला. कधी कधी दिवसभर दाराकडे तोंड करून बसतो आणि मी समोर आलो की ‘बाजूला व्हा, दिसत नाही’ म्हणतो. त्या दिवशी मलाही ते स्टेशन आठवतं, ठमे. तू एकटी नाहीस.

आणि मी त्याच्यापाशी बोललोय. सगळं. गुडघ्यावर बसून, त्याचे हात धरून सांगितलं, की दादा, बॉल मी सरकवला, माझ्यामुळे तुझं आठवं गेलं, वहिनींचे रविवार गेले, पोरीचं बालपण गेलं. एकदा नाही, तीनदा सांगितलं. त्याने तिन्ही वेळा ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘तुम्ही जरा पाणी प्या.’

काल दुपारची गोष्ट सांगायला हे पत्र लिहितोय. दुकानात कुणी नव्हतं. त्याने हातातली काच बाजूला ठेवली आणि म्हणाला, ‘मिस्त्री, तुम्ही फार बोलणारे दिसत नाही.’

मी म्हटलं, ‘नाही.’

‘मग एक सांगतो. तो बॉल माझ्या पायाने हलला नव्हता. धाकट्याने हलवला. मी पंचांना माझं नाव सांगितलं.’

माझ्या हातात घासायची काच होती. ती मी खाली ठेवली. विचारलं, ‘का सांगितलंत?’

‘लहान आहे तो. त्याला उभं आयुष्य काढायचंय. मी सात जिंकलोय, मला एक गेलं तर काय!’

‘वाईट नाही वाटलं?’

‘वाटलं की. अंघोळ करताना रडलो. बाहेर रडता येईना, लोक हार घेऊन उभे होते.’

‘मग त्याच्याशी का बोलला नाहीत?’

त्याने काच उचलून पुन्हा पुसायला घेतली. मला वाटलं, गेला विषय डोक्यातून. मग म्हणाला, ‘राग आला होता, मिस्त्री. फार राग आला होता. तोंड उघडलं असतं, तर वाट्टेल ते बोललो असतो. म्हटलं, राग उतरला की बोलेन. उतरेपर्यंत तो कुठेतरी निघून गेला.’

आणि मग त्याने माझा हात धरला. पकड अजून तशीच आहे, काठी धरतात तशी. म्हणाला, ‘हे कुणाला कळता कामा नये. त्याचं नाव खराब होईल. तुम्ही मला शब्द द्या.’

मी शब्द दिला, ठमे. क्लबला लिहून झाल्यावर, तुझी खाट घालवल्यावर, साऱ्या जगाला सांगून मोकळा झाल्यावर मी त्याला शब्द दिला. काय करणार होतो? त्याचा जीव शांत झाला. पाच मिनिटांत खुर्चीतच झोपला.

तू रविवारी येशील तेव्हा त्याच्यासमोर तो विषय काढू नकोस. त्याने स्वतः काढला, तर नवीन ऐकतेय असं ऐक. आपल्या दोघांना काही ठाऊक नाही.

काका